चंद्री तिसऱ्यांदा उलटली

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चंद्री तिसऱ्यांदा उलटली. भरवून एकवीस दिवस झाले होते, आता म्हैस गाभण राहिली असं धरून सोजरबाई चालली होती, आणि बुधवारी पहाटे धारेला बसली तर चंद्री पान्हा चोरत होती, दावणीला ओढ देऊन मधूनच ओरडत होती. म्हणजे पुन्हा माजावर आली होती. मार्चपासून हे असंच चाललं होतं. दुसरी म्हैस मोरणी, तिने तर फेब्रुवारीपासून माजच दाखवला नव्हता.

सोजरबाई अर्धी भरलेली बादली घेऊन उठली. ज्या दोन म्हशींनी सहा वर्षांत एकदाही दगा दिला नाही, त्या एकाच वर्षी एकदम कशा बिघडतात? कुणीतरी यात आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

आपला स्वभाव संशयी आहे असं तिला स्वतःला कधीच वाटलं नाही. हडपसरच्या त्या आळीतल्या लोकांचं मत वेगळं होतं. सरकी पेंडीचं पोतं घरी आलं की ती ते पुन्हा वजन करून घ्यायची, टँकरचं पाणी आधी हुंगायची, आणि कुणी तिच्या म्हशींचं फार कौतुक केलं तर दोन दिवस त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची. लग्न होऊन आली तेव्हा चहूबाजूंनी ऊस होता. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने, पोपटने, चार एकर बिल्डरला दिले. आता तिथे सात मजल्यांची सोसायटी होती, आणि पलीकडच्या काचेच्या इमारतींत कंप्युटरवर काम करणारी मुलंमुली तिथे राहत होती. सोजरबाईकडे उरले होते पाच गुंठे, घर आणि गोठा. गोठाही जुना नव्हे. लिंबाखालचं चहूबाजूंनी मोकळं छप्पर विकलेल्या जागेत होतं, ते बिल्डरने यंदा पाडलं. नवा गोठा पोपटने यंदा संक्रांतीनंतर उभा केला, सोसायटीच्या भिंतीला लागून, वर पत्रा, तीन बाजूंनी पत्रा, पुढे दार. तेव्हा सोजरबाई बाळंत लेकीकडे, ऋतुजाकडे, वारज्याला महिनाभर होती. परत आली तर गोठा तयार होता आणि म्हशी आत बांधलेल्या होत्या. पक्कं काम झालं, पावसाची चिंता मिटली, म्हणून तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

नऊच्या सुमाराला प्रज्ञेश आला. जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक, तिशी ओलांडलेला, बोलायला कमी. मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचा कॅन बांधलेला, त्यात रेड्याच्या गोठवलेल्या बीजाच्या कांड्या. मार्चपासून तीनदा त्यानेच चंद्रीला भरवलं होतं.

"आधी कांडी दावा," सोजरबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहून म्हणाली.

"काय बघणार आहात त्यात?"

"जिती हाय का मेल्याली, ते."

"डोळ्यांना दिसत नाही, बाई. सूक्ष्मदर्शक लागतो. तो मी गाडीवर घेऊन फिरत नाही."

"तीन डाव उलटली ती. तीन डाव! कांडी चांगली असती तर उलटली असती?"

प्रज्ञेशने हातातला मोजा काढला. "कांडी चांगली आहे. मी दुसरं काही सांगितलं होतं, ते झालं का?"

"मला कधी काय सांगितलं?"

तो सोजरबाईकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून तो मागे उभ्या असलेल्या पोपटकडे बघत होता. पोपट खाकरला. "भरा अन् जावा साहेब, ऊन चढतंय."

ती नजर सोजरबाईने टिपली. या दोघांचं काहीतरी आहे. तिने त्या दिवशी चंद्रीला हात लावू दिला नाही. प्रज्ञेशने वही बंद केली, "तुमची म्हैस, तुमची मर्जी," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी अक्षता दुधाला आली. सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी ही मुलगी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायची आणि दिवसा घरी असायची. अर्धा लिटर दूध आणि पाच मिनिटं गप्पा एवढा त्यांचा संबंध. सोजरबाईने तिच्याकडून तक्रारीचा अर्ज लिहून घेतला. अक्षताने तो ऑफिसातून टाईप करून, छापून आणून दिला. प्रज्ञेशचं नाव त्यात दोनदा होतं. "काकू, एकदम फॉर्मल केलंय हं. पण शुअर आहात ना तुम्ही? बिचाऱ्याची नोकरी आहे."

"नोकरी हाय म्हनूनच," सोजरबाई म्हणाली.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी अर्ज वाचला. प्रज्ञेशचा कॅन मागवला, त्यातली एक कांडी कोमट पाण्यात धरली, काचेवर थेंब सोडला आणि सोजरबाईला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत बारीक बारीक काहीतरी वळवळत धावत होतं. किती तरी होतं. प्रज्ञेश बाजूला हात मागे बांधून उभा होता.

"दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसलं की."

"मग?"

"आज दावायची म्हनून चांगली आनली आसंल," सोजरबाई म्हणाली आणि उठली. मागून डॉक्टर हसल्याचं तिला ऐकू आलं. प्रज्ञेश हसला नाही.

मग तिने पाण्याकडे मोर्चा वळवला. कारण बिल्डरचा माणूस साईनाथ. त्याचं साइट ऑफिस अजून सोसायटीच्या फाटकाशी होतं आणि पोपट सकाळ-संध्याकाळ पांढरे कपडे घालून तिथल्या खुर्चीत बसायचा. साईनाथ दिवाळीत मिठाई घेऊन आला होता. "वहिनी, फ्लॅटवाल्यांच्या तक्रारी येतात, वासाच्या. आता म्हशी किती दिवस ठेवणार? या पाच गुंठ्यांत तुमचं आयुष्य बसून निघेल." सोजरबाईने मिठाई कुत्र्याला घातली होती. आता तिला त्यातला धागा दिसायला लागला. टँकर साईनाथच पाठवायचा. पाण्यात काही मिसळलं तर म्हशी मरणार नाहीत, फक्त वांझ होतील, दूध आटेल, आणि वांझ म्हशी कोण सांभाळतो? गोठा आपोआप उठेल.

तिने टँकर बंद केला. मागच्या आळीतल्या वेणूबाईच्या बोअरवरून ती रोज सोळा-सतरा हंडे आणू लागली. खांदे भरून आले. पोपट म्हणाला, "अगं, कशापायी जीव काढतीयास?" तिने पुढचा हंडा उचलला. पंधरा दिवस म्हशी बोअरचं पाणी प्यायल्या. मोरणी तशीच थंड. चंद्रीचा एकविसावा दिवस आला तेव्हा तर तिनेही माज दाखवला नाही. दोघी खाली मान घालून उभ्या राहायच्या, वैरण अर्धी टाकायच्या. दूध पावणेदोन लिटरवर आलं.

पाणी बदलूनही फरक नाही, म्हणजे जो कोण आहे तो आत येऊन करतोय, असं तिने ठरवलं. पण कोण? गोठ्याला कडी असायची. किल्ली नव्हती, पण घरासमोरून गेल्याशिवाय गोठ्यात जाता येत नव्हतं, आणि दुपारी बारा ते चार ती वेणूबाईकडे पाण्यासाठी नाहीतर घरात आडवी असायची.

उत्तर अक्षताने दिलं, तेही सहज, दुधाचं भांडं पुढे करत. "काका किती काळजी घेतात ना म्हशींची. मी झोपायच्या आधी बाल्कनीत कपडे वाळत घालते, तर रोज दिसतात. एकदीड वाजता. गोणपाटाखाली काहीतरी झाकून नेतात आत."

सोजरबाईने माप खाली ठेवलं. "रोज?"

"ऑलमोस्ट. का हो?"

"काय न्हाय."

जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, आवाज अगदी साधा ठेवून. "दुपारच्याला कुठं आसता तुमी?"

"कुठं म्हंजे? साइटवर. साईनाथजवळ." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तिच्याकडे न बघता आमटीत बुडवला.

खोटं. तीस वर्षं झाली लग्नाला, पोपट खोटं बोलताना असाच खाली बघतो हे तिला माहीत होतं. जमीन विकली तेव्हाही महिनाभर असाच खाली बघत जेवायचा. आता सगळं जुळत होतं. प्रज्ञेशने त्याच्याकडे बघणं. साईनाथजवळची ती रोजची खुर्ची. गोठा ती लेकीकडे असतानाच नेमका उभा राहणं. बाकीच्यांचा संशय तिला कधी जड गेला नव्हता. हा गेला. ती ताटावरून अर्ध्यातून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने ठेवणीतलं लुगडं काढलं. "ऋतुजाकडे जाऊन येते, बाळाला सर्दी झालीय म्हंती." पोपट म्हणाला, जा. गाडीतळावर जाऊन ती अर्धा तास बसस्टॉपवर बसली, मग उसाच्या गुऱ्हाळामागच्या बोळातून, वेणूबाईच्या परसातून परत आली आणि साडेअकराला गोठ्यात शिरली. कोपऱ्यात पेंडीची पोती आणि कडब्याची उभी रास होती. त्यामागे ती पाय दुमडून बसली. चंद्रीने मान वळवून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

सोजरबाई या गोठ्यात पहाटे यायची, संध्याकाळी यायची. भर दुपारी, दार बंद असताना, ती इथे कधी बसली नव्हती.

पहिला अर्धा तास ती फक्त दाराच्या फटीकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की लुगडं पाठीला चिकटलंय. पत्रा फार खाली होता. उभी राहिली असती तर टेकला असता. तो तडतड वाजत होता. मागे सोसायटीची भिंत, दहा फूट उंच, आणि पश्चिमेचा वारा तिच्यावरून निघून जात होता. आत पानही हललं नसतं. शेणामुताची वाफ डोळ्यांत चुरचुरत होती. साडेबाराला तिने पदराने तोंड पुसलं, एकला पुसायचं सोडलं. मोरणीने तोंड उघडलं होतं. जीभ बाहेर, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या. चंद्री खालच्या ओल्या जागेत अंग टाकायला बघत होती, पण दावं आखूड होतं. सोजरबाईने हात लांब करून तिच्या पाठीला लावला. काळं कातडं तव्यासारखं तापलं होतं.

ह्या अशाच असतात रोज? तिच्या मनात आलं. रोज दुपारी अशाच?

तिचं डोकं गरगरायला लागलं. बाहेर जावं असं दोनदा वाटलं, पण चोर सुटेल म्हणून ती बसून राहिली. आणि मग कडी वाजली.

पोपट आत आला. अंगात बनियन, हातात गोणपाटाने झाकलेली बादली. त्याने दार लोटून घेतलं आणि गोणपाट काढलं. त्याने बादलीत हात घातला, ओंजळभर पाणी चंद्रीच्या कपाळावर मारलं, मग तांब्याने तिच्या पाठीवर ओतायला लागला, सावकाश, मानेपासून शेपटीपर्यंत. बादली संपली तसा बाहेर गेला, दुसरी आणली. मोरणीवर ओतली. गोणपाटं भिजवून दोघींच्या पाठीवर टाकली. "झालं, झालं," तो पुटपुटत होता. "चुकलं माझं. पाऊस येऊ दे आता. झालं."

सोजरबाईला उठायचं होतं. ती उठली आणि कडब्याची रास तिच्यासकट पुढे आली.

शुद्ध हरपली नव्हती, पण पाय चालत नव्हते. पोपटने तिला ओढत बाहेर सावलीत नेलं, उरलेलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं.

"तू वारज्याला गेलीवतीस," तो म्हणाला.

"तुमी साइटवर व्हता."

पोपट उकिडवा बसला. मग जे होतं ते सांगितलं, तुकड्यातुकड्याने. गोठ्याचे खांब रोवत होते तेव्हा प्रज्ञेश तिथून जात होता. थांबून म्हणाला होता, छत दोन पुरुष उंच घ्या, पश्चिमेची बाजू मोकळी सोडा, भिंतीपासून लांब बांधा, नाहीतर उन्हाळ्यात म्हशी माजावर येणार नाहीत आणि आल्या तरी राहणार नाहीत. कागदावर आकृती काढून दिली होती. पण पत्रे साईनाथने फुकट दिले होते, आणि साईनाथचं म्हणणं होतं, छत भिंतीच्या वर दिसलं तर फ्लॅटवाले ओरडतील. म्हणून बुटका बांधला.

"मला का न्हाय बोलला?"

"तू विचारलं आसतंस, पत्रं फुकट का दिलं."

"का दिलं?"

पोपटने रिकामी बादली पालथी घातली.

"काय कबूल केलं त्याला?"

"कबूल न्हाय केलं. दिवाळीपतुर म्हशी गेल्या तर जागेचं बोलू, म्हनला तो. मी म्हनलो, बघू."

"बघू," सोजरबाई म्हणाली.

"तवा म्हनलो. मार्चात म्हशी धापा टाकाया लागल्या, तवापास्नं पानी मारतोय. तुला सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं आसतं."

म्हणजे तिचा संशय पूर्ण खोटा नव्हता, आणि पूर्ण खराही नव्हता, आणि नेमकं यामुळेच तिला काय करावं ते कळेना. नवऱ्याने विष घातलं असतं तर ती भांडली असती, लेकीकडे निघून गेली असती. हा माणूस एका हाताने म्हशी घालवायला निघाला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांना पाणी घालत होता. ती उठली, तोंड धुतलं, आणि ओल्या लुगड्याने तशीच दवाखान्यात गेली.

प्रज्ञेश एका शेळीला सलाईन लावत होता. त्याने तिला बघितलं आणि काम चालू ठेवलं. "अर्ज द्यायचा असेल तर मोठे डॉक्टर चारला येतात."

"अर्ज न्हाय. मी आज गोठ्यात बसले व्हते. बारा ते दीड."

आता त्याने मान वर केली.

"मला भोवळ आली," ती म्हणाली. "त्या तर बोलत बी न्हाईत."

प्रज्ञेशने सलाईनचा वेग कमी केला. मग सांगितलं, मास्तर सांगतात तसं, सावकाश. म्हशीचं अंग काळं, ऊन ओढून घेणारं, आणि घाम तिला गाईपेक्षाही कमी येतो. वारा नाही, डुंबायला पाणी नाही, वर तापलेला पत्रा, म्हटल्यावर ती सगळी ताकद जीव गार ठेवण्यात घालवते. माज येतो पण मुका येतो, ओरडणं नाही, काही नाही, मालकाला कळतच नाही. कळला आणि भरवली, तरी तापलेल्या अंगात गर्भ टिकत नाही. "कांडीत दोष नव्हता. चंद्रीतही नव्हता."

"तवा मला का न्हाय सांगितलं? मी दारात उभी व्हते."

"तुमचे मालक मागे उभे होते. घरातलं भांडण लावायला मला पगार मिळत नाही." तो थांबला. "चौदा एप्रिलला तुमचा फोन आला, बाई. आमच्या वस्तीत जयंतीची मिरवणूक होती, मी तिथल्या मंडळाचा कार्यवाह. पांढरा शर्ट घालून तुमच्या गोठ्यात आलो, म्हैस भरवली, परत गेलो. आणि पुढच्या महिन्यात तुमचा अर्ज. त्यात लिहिलं होतं, कामात लक्ष नाही."

सोजरबाईला ते वाक्य आठवलं. अक्षताने ते कागदी मराठीत मांडलं होतं, पण सांगितलं सोजरबाईनेच होतं. "अर्ज माघारी घेते," ती म्हणाली.

"फाइलला लागलाय. ती काही दळणाची पिशवी नाही, परत न्यायला."

"मग दुसरा देते. आधीचा खोटा व्हता म्हनून."

प्रज्ञेशने शेळीची सुई नीट केली. "तो स्वतःच्या हाताने लिहा," म्हणाला. "टाईप नको."

तिने लिहिला. तिचं अक्षर चौथीतलं, एका पानाला तासभर लागला.

पाऊस लागायच्या आत गोठा उतरवला. भिंतीपासून आठ फूट पुढे घेतला, खांब उंच केले, पश्चिमेचा आणि उत्तरेचा पत्रा काढून टाकला, वरच्या पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं. साईनाथ येऊन उभा राहिला. "वहिनी, हे सोसायटीला चालणार नाही." सोजरबाईने त्याला त्याचे काढलेले पत्रे मोजून परत दिले आणि सही घेतली. पोपटने खांब धरला होता. त्या दिवसानंतर तो साइटवरच्या खुर्चीत जायचा कमी झाला, बंद मात्र झाला नाही. सोजरबाईने सातबाऱ्याचा उतारा आणि घराचे कागद कपाटातून काढून ऋतुजाकडे नेऊन ठेवले. पोपटला ते कळलं, आणि त्याने विचारलं नाही.

पावसाळ्यात म्हशी सावरल्या. प्रज्ञेशच्या सांगण्यावरून ती रोज पहाटे आणि दिवेलागणीला गोठ्यात घटकाभर नुसती उभी राहायची, माज दिसतोय का बघत. श्रावण गेला, गणपती गेले. पितृपंधरवड्यात मोरणी पहिल्यांदा ओरडली आणि आठ दिवसांनी चंद्रीही. दोन्ही वेळा प्रज्ञेश उजाडता उजाडता आला, काम केलं, हात धुतले, गेला. चहाला बसला नाही. सोजरबाईने एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारायचं तिला धाडस झालं नाही.

डिसेंबरात तो तपासायला आला. खांद्यापर्यंत मोजा चढवून मोरणीला हात घातला, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहिला. "गाभण आहे. अडीच महिने." मग चंद्रीकडे गेला. तिथे जास्त वेळ लागला. "नाही राहिली. उन्हाळा अंगात गेलाय तिच्या. औषध देऊ, पुढच्या माजाला बघू. खात्री देत नाही."

सोजरबाई चंद्रीच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. पोपट बाहेर विळ्याने घास तोडत होता, मधूनच हात थांबवून आतलं ऐकत होता.

"मोरणी कधी विईल?" तिने विचारलं.

"दहा महिने दहा दिवस धरा. श्रावणात."

प्रज्ञेश बादलीत हात धुऊ लागला. आज त्याने चहा नको म्हटलं नव्हतं, म्हणून सोजरबाई चुलीकडे निघाली. जाता जाता पितृपंधरवड्यापासून एकेक महिना तिने बोटावर धरला, अंगठा पेरांवरून सरकवत. हिशेब श्रावणातच आला. तरी आधण ठेवून झाल्यावर तिने तो पुन्हा एकदा मोजला.